हिरवा बाक

४ फेब्रुवारी

आली! स्वतःच्या पायांनी चालत, माझ्याच दारात!

दुपारी ऑफिसात एकटीच होते. एक म्हातारी आत आली, छत्री कोपऱ्यात उभी केली आणि म्हणाली, गाडी शिकायची आहे. मला नवल नाही वाटलं. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये साठीच्या बायका येतात अधूनमधून. नवरा गेल्यावर येतात, नाहीतर सुनेशी बिनसल्यावर. मी नेहमीचं विचारलं — आधी कधी स्टिअरिंग धरलंय का, चष्मा लांबचा की जवळचा. उत्तर देण्याआधी तिने टेबलावर मधल्या बोटाने दोनदा टकटक केली.

ती टकटक मी कुठेही ओळखीन. वर्ग सुरू व्हायच्या आधी अशीच व्हायची, आणि चाळीस पोरं एका दमात गप्प व्हायची. टकटक बाई! तेव्हाही हेच नाव होतं तिचं, पोरांनी ठेवलेलं.

खात्री करून घेतली. आधी काय करत होतात? शाळेत होते, पहिली-दुसरीला. कुठली शाळा? नदीकडची, पुलाजवळची. जीभ शिवशिवत होती, विचारलंच — बाक हिरवे होते ना? ती हसली. हो म्हणाली, पण तुम्हाला कसं माहीत? म्हटलं, अंदाज. जुन्या शाळांतून असायचे.

तिने मला ओळखलं नाही. कशी ओळखणार! आम्ही काय, आलो आणि गेलो. पण मी विसरले नाही. त्या शाळेत जे केलंत ना बाई, ते सगळं परत मिळणार आहे. व्याजासकट.

५ फेब्रुवारी

झोपेतही टकटक. उठून बसले ती चिडलेलीच.

लिहून काढते, म्हणजे डोकं हलकं होईल.

बाबा पूल रंगवायचे. लोखंडी पूल, मोठे. टोळी असायची त्यांची. दोरावर लोंबकळत आधी गंज खरवडायचा, मग गंज धरू नये म्हणून तांबड्या रंगाचा पहिला हात, मग वरचा रंग. पूल रंगून झाला की टोळी पुढच्या पुलाकडे. टोळीमागे आमचं बिऱ्हाड. आई चादरीत भांडी बांधायची, ट्रंकेवर मला बसवायची, आणि निघालो. शाळेचं वर्ष कधी संपतं हे पुलाला थोडंच माहीत असतं! मी अर्ध्यातून निघायचे आणि अर्ध्यातच जाऊन बसायचे.

एका शाळेत वजाबाकी सुरू व्हायची होती, दुसरीत होऊन गेली होती. हातचा कुठून येतो हे मला आजतागायत कुणी शिकवलेलं नाही. मी पोचायच्या आधी तो सगळीकडे येऊन गेलेला असायचा. ससा-कासवाची गोष्ट मात्र तीन शाळांत ऐकली. तिन्हीकडे ससा झोपला.

हे सगळं चालून गेलं असतं. पण तो प्रश्न. मूळची कुठली गं तू? वर्गापुढे उभं करून विचारलेलं. मला काय सांगावं कळेना. या पुलाच्या आधी तो पूल, त्याच्या आधी तो. मी पुलांची नावं सांगायला लागले. सगळा वर्ग खिदळला. "म्हणजे तू बिनगावाची!" झालं. नाव पडलं. डबा खाताना बिनगावाची, पाणी पिताना बिनगावाची. पोरी माझ्याबरोबर खेळायच्या नाहीत — ही उद्या जाणारच आहे, हिला कशाला घ्यायचं.

वर साताचा पाढा येत नाही म्हणून पाढा येईपर्यंत उभं राहायचं. रोज. ते हिरव्या बाकाचं उद्या लिहीन. आज नको.

६ फेब्रुवारी

नाही लिहिता आलं.

८ फेब्रुवारी

पहिला धडा. मी तिला बाई म्हटलं नाही. काकू म्हणते. सगळ्याच म्हाताऱ्यांना म्हणते, पण हिला म्हणताना जिभेला वेगळीच चव येते. आणि ती मला म्हणते मॅडम! मॅडम, क्लच सोडू का? मॅडम, आरशात बघू का? वा!

मी नियम सांगून टाकले. गाडीत गप्पा नाहीत. विचारल्याशिवाय बोलायचं नाही. चुकलं की गाडी बंद करायची आणि खाली उतरून उभं राहायचं, मी म्हणेपर्यंत. तिला वाटलं माझी अशीच शिस्त असेल. मुकाट्याने मान डोलावली.

तीनदा गाडी बंद पडली. तीनदा उतरवली. फूटपाथच्या कडेला पर्स पोटाशी धरून उभी. येणारे-जाणारे बघत होते. मी काच वर करून आत बसले. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

१२ फेब्रुवारी

आज हसून हसून मेले, आणि मग चिडले.

मैदानावर नेलं. इतर शिकाऊही होते. परीक्षेत आठ काढावा लागतो, म्हणजे गाडी आठाच्या आकारात फिरवायची. चुन्याच्या रेघा पुसून गेल्या होत्या. मी मुद्दाम काही समजावलं नाही. बाहेर उभी राहून म्हटलं, काढा आठ. गाडी थोडी पुढे गेली, मग तिने हा मोठा वळसा घेतला, आणि तशीच बाहेर — थेट कुंपणात! मी धावत गेले. काय हे? म्हणाली, "आठच काढला की मॅडम. शेपूट जरा लांबलं."

मराठी आठ! जन्मभर पाटीवर गिरवून घेतलेला, उघड्या पोटाचा! अख्खं मैदान लोळायचं बाकी राहिलं.

मला हेच हवं होतं. चारचौघांत हसं व्हायला हवं होतं. पण ती स्वतःच सगळ्यांत जास्त हसत होती. मग एका पोराने तिला चहा आणून दिला, आणि ती त्याला जमिनीवर काडीने दोन्ही आठ काढून दाखवायला लागली. हा मिटलेला, हा उघडा. पाच मिनिटांत सगळे तिच्याभोवती उकिडवे बसलेले. मी गाडीचं बॉनेट पुसत उभी.

वर्ग जमवायची खोड जात नाही मेलीची.

१३ फेब्रुवारी

आज तिला फक्त रिव्हर्स करायला लावलं. तासभर. मान आखडली तिची. छान.

१९ फेब्रुवारी

आता लिहितेच.

हिरवा बाक. खिडकीजवळचा, कडेचा. त्यावर मला उभी करायची. बसलेली नाही, उभी. तोंड खिडकीकडे, पाठ वर्गाकडे. मागून टकटक. मग मी म्हणायचं, सात एके सात. मागून सगळा वर्ग म्हणायचा, सात एके सात. सात दुणे चौदा. बाक लटपटायचा. सगळ्यांचे डोळे माझ्या पाठीवर. खिडकीबाहेर काय होतं कुणास ठाऊक, मला फक्त तो हिरवा रंग आठवतो. नखाने खरवडला की पापुद्रा निघायचा.

तो हिरवा मला आजही चालत नाही. दोन गाड्या घेतल्या, दोन्ही पांढऱ्या. दुकानदार म्हणाला होता, हिरवी स्वस्तात देतो. म्हटलं, फुकट दिलीस तरी नको.

आणि गंमत बघा, साताचा पाढा मला आजही घडाघडा येतो. तेवढा एकच. सहाचा अडखळतो, आठाचा अडखळतो, सात मात्र झोपेतून उठवलं तरी. भीतीने शिकलेलं असं पक्कं राहतं.

ज्या बाईने एवढ्याशा पोरीला बाकावर चढवून तिचा तमाशा केला, तिची दया कशाला करायची? एरवी मी वाईट बाई नाहीये. शिकाऊ पोरींना पाठीशी घालते, परीक्षेच्या दिवशी स्वतःचा डबा देते. पण हिच्या बाबतीत नाही. नाही म्हणजे नाही.

२४ फेब्रुवारी

आज कळलं तिला गाडी कशाला हवी आहे. मी विचारलं नव्हतं. गाडी सिग्नलला उभी होती आणि ती आपणहून बोलली, नियम मोडून.

नवरा टेकडीपलीकडच्या शुश्रूषागृहात आहे. विसरत चाललाय सगळं. तिकडची बस बंद झाली, रिक्षावाले जायला नाखूश. शेजारी आठवड्याला एकदा नेतात. घरासमोर नवऱ्याची जुनी गाडी नुसती उभी आहे. "रोज दिसले तर ओळखतात हो मला. मध्ये दिवस गेले की पुन्हा मीच कोण ते सांगावं लागतं. लवकर परवाना मिळाला तर रोज जाता येईल."

हिरवा दिवा लागला. मनात कुठेतरी हललं, नाही असं नाही. घरी बाबा आहेत, त्यांचंही वय झालंय. उद्या ते मला विसरले तर?

मग ती म्हणाली, "तुम्ही अशा पुढे बघत बसता ना मॅडम, तेव्हा मला आमच्या शाळेतली एक मुलगी आठवते. ती पण अशीच —"

"समोर बघा काकू. गाडीत बोलायचं नाही, सांगितलंय ना?"

मला अजून कुणा मुलीच्या गोष्टी सांगतेय! किती पोरी उभ्या केल्या असतील त्या बाकावर, आणि आता गोड गोड आठवणी काढतेय. जे हललं होतं ते पुन्हा घट्ट बसलं.

२५ फेब्रुवारी

विसरला नवरा तर विसरू दे. मलाही कुणी लक्षात ठेवलं नव्हतं.

२ मार्च

जमायला लागलंय तिला. वैतागच आहे! क्लच लोण्यासारखा सोडते. आठ काढते तो मिटलेला, सुबक. चूकच करत नाही तर उतरवू कशी?

बाबा गॅलरीत बसलेले असतात दिवसभर, समोरच्या इमारतीचा रंग बघत. पहिला हात नीट दिलेला नाही, पावसात फुगणार म्हणतात, रोज. आज विचारत होते, हल्ली एवढी तणतणतेस का गं? कुणी त्रास देतंय का? म्हटलं, एक म्हातारी आहे शिकायला, डोक्याला ताप. त्यांना खरं नाही सांगितलं. सांगितलं तर म्हणतील, जाऊ दे गं पोरी. आयुष्यभर जाऊ दे म्हणत आले आणि आम्ही जात राहिलो, एका गावातून दुसऱ्या गावात. सगळं झाल्यावर सांगीन. तेव्हा मजा येईल.

९ मार्च

परीक्षेची तारीख आली. शुक्रवारी.

आज बसून नीट विचार केला. तिला नापास करायचं असेल तर एकच जागा आहे, रिव्हर्स. बाकी सगळं तिला येतं. आणि रिव्हर्सला ती स्वतःच्या अंदाजावर जात नाही, माझ्या खुणेवर जाते. मागच्या दाराच्या काचेवर मी चिकटपट्टीचा तुकडा लावलाय. बाहेरचा खांब त्या पट्टीशी आला की स्टिअरिंग पूर्ण फिरवायचं. सगळ्या शिकाऊंना मी हेच शिकवते. चुकत नाही कधी.

पट्टी दोन बोटं सरकली तर?

कुणाला कळणार आहे!

१० मार्च

सरकवली.

१३ मार्च

झालं! झालं!

ती इस्त्रीची साडी नेसून आली होती, शाळेच्या पहिल्या दिवसासारखी. गाडीत बसली, स्टिअरिंगवर टकटक केली. आठ काढला, परीक्षा घेणारे साहेब मान डोलावत होते. चढावर गाडी थांबवली, एक इंचही मागे आली नाही. मग रिव्हर्स. मी जाळीबाहेर उभी होते. तिने मान वळवली, पट्टीकडे बघितलं, खांब पट्टीशी आला, आणि तिने अगदी विश्वासाने स्टिअरिंग फिरवलं.

खांब पडला. धप्पकन.

साहेबांनी शेरा मारला आणि पुढच्याला बोलावलं. ती उतरली. आडव्या पडलेल्या खांबाजवळ जाऊन उभी राहिली, कुणी सांगितलं नव्हतं तरी. आपणहून. पर्स पोटाशी. आजूबाजूला पोरं हसत होती, यावेळी ती हसली नाही.

"मॅडम, पट्टीशीच फिरवलं हो मी," एवढंच म्हणाली.

म्हटलं, "होतं असं. या वयात नजर दगा देते."

घरी येताना गाणं म्हणत आले. बाकावर उभी केली होतीत ना बाई? आता तुम्ही उभ्या. तुमच्याही पाठीवर सगळ्यांचे डोळे.

१७ मार्च

तिचा फोन आला. पुन्हा परीक्षेला बसणार नाही. तुम्ही म्हणालात ते खरं आहे मॅडम, म्हणाली, नजरेचा भरवसा नाही, रस्त्यात कुणाला लागलं तर काय घ्या. नवऱ्याची गाडी गॅरेजवाल्याला देऊन टाकली, सकाळी तो घेऊनही गेला. मला म्हणाली, तुम्ही फार मेहनत घेतलीत माझ्यावर. आभार मानले!

एवढं साफ जिंकेन असं वाटलं नव्हतं. बाकाचा, पाढ्याचा, त्या नावाचा, सगळ्याचा सूड एका खांबात निघाला. पेढे वाटावेत असं वाटत होतं, पण वाटणार कुणाला?

मग ती शुश्रूषागृहात आठवड्यातून एकदा जाईल आणि प्रत्येक वेळी स्वतःचं नाव सांगेल, असा विचार आला. आला आणि बसूनच राहिला. असू दे. मीही दर शाळेत नाव सांगतच होते.

उद्या बाबांना सांगणार. सगळं, पहिल्यापासून.

१८ मार्च

बाबांना सांगितलं. हिरव्या बाकांच्या शाळेतल्या टकटक बाई, म्हटल्यावर त्यांचा चेहरा फुलला. पुढचं ऐकूनच घेईनात.

"ते बाक मीच रंगवले गं! सगळे पूल राखाडी, हिरवा एकच होता. रंग उरला, तो बाईंना नेऊन दिला. त्या रोज तुला बाकावर उभी करायच्या ना, खिडकीतून मी पुलावर दिसावा म्हणून. कठड्याच्या एका खणात सात गज. खण रंगवून झाला की मी हात करायचो, आणि तू आत म्हणायचीस, सात एके सात. पुढचा खण झाला की सात दुणे चौदा. आधीच्या शाळेतल्या मास्तरने ते बिनगावाची नाव ठेवल्यापासून तू शब्द बोलत नव्हतीस. बाईंनी बोलती केली तुला."

मी म्हटलं, मास्तर? म्हणाले, हो, मास्तर. धरणाकडचा, मिशीवाला. विसरलीस?

मग विचारलं, भेटल्या का तुला बाई? कशा आहेत? ओळखलं का त्यांनी तुला?

खाली येऊन गाडीत बसलेय, इथेच लिहितेय. काचेवर पट्टी अजून तशीच आहे, दोन बोटं सरकलेली.